घरातली दरमहाची बिलं क्रेडिट कार्डाने भरावीत का?

पाऊसवेडी
नमस्कार मंडळी. घरच्या बिलांबद्दल एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे. इथे अनुभवी लोक आहेत म्हणून विचारते.

आम्ही पुण्यात राहतो. नवरा, मी, मुलगी आणि सासरे. बिलं आतापर्यंत जशी जमतील तशी भरली जातात. वीज नवरा भरतो, गॅस मी, इंटरनेट सासऱ्यांच्या खात्यातून जातं, मेंटेनन्स ज्याला आठवेल तो भरतो. महिनाअखेरीला नेमके किती गेले याचा ताळमेळ लागत नाही. नवऱ्याचं म्हणणं आहे की सगळी बिलं एकाच क्रेडिट कार्डावर टाकू. एक स्टेटमेंट, एक तारीख, शिवाय खर्चावर बक्षीस म्हणून पॉइंट मिळतील.

सासऱ्यांना हे मुळीच पटलेलं नाही. ते एसटीत नोकरीला होते. आयुष्यात कुणाचा रुपया ठेवला नाही. 'वापरलेल्या विजेचे पैसे आपल्याकडे असताना ते बँकेकडून उसने कशाला घ्यायचे?' असा त्यांचा साधा प्रश्न आहे आणि त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

आमचा अंदाज सांगते. वीज एरवी २,००० आणि उन्हाळ्यात ३,२०० पर्यंत, पाइप गॅस दोन महिन्यांनी ९००, इंटरनेट आणि सगळ्यांचे मोबाइल मिळून २,०००, मेंटेनन्स ४,५००, शाळेची फी दर तिमाहीला २२,०००, विम्याचे हप्ते वर्षातून एकदा. किराणा, दूध, भाजी वेगळी. दोघांचे पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी होतात.

तुम्ही कसं करता? खरंच फायदा होतो का? काय बघून घ्यावं?

डोंगरयात्री
करतो. सगळं कार्डावर. ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप होणारा भरणा, स्टेटमेंटच्या पूर्ण रकमेचा. वर्षानुवर्षं एक रुपया व्याज नाही. नवऱ्याचं ऐका.

बारातेपाच
नवऱ्याचं ऐका असा सल्ला या संस्थळावर पहिल्यांदाच वाचला. वाचनखूण साठवतो आहे.

खातेवही
डोंगरयात्रींचं उत्तर बरोबर आहे, पण त्यातला कळीचा शब्द 'पूर्ण' हा आहे. तो निसटला तर सगळा हिशेब उलटा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कार्डांच्या वसुलीचं काम मी बरीच वर्षं जवळून पाहिलं आहे.

कार्डावर साधारण २० ते ५० दिवस बिनव्याजी मिळतात. स्टेटमेंट निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी खर्च केला तर जास्त दिवस, आदल्या दिवशी केला तर कमी. पण ही सवलत मागचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच आहे. समजा १०,००० बाकी ठेवले आणि त्याच महिन्यात २५,००० ची नवी बिलं कार्डावर टाकली. लोकांना वाटतं, व्याज फक्त १०,००० वर लागेल. तसं नाही. नव्या २५,००० वरची बिनव्याजी मुदतही गेलेली असते. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दर धरा. जुन्या १०,००० वर ३५०. नव्या बिलांवर सरासरी वीस दिवस धरले तर आणखी ५७५ च्या आसपास. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. एकूण हजाराच्या वर गेले. त्या २५,००० वर एक टक्का पॉइंट मिळाले असतील तर ते २५० रुपये.

स्टेटमेंटवर पूर्ण रकमेबरोबर छापलेली छोटी 'किमान देय रक्कम' भरली की झालं, असा समज फार पसरलेला आहे. किमान रक्कम भरल्याने फक्त उशिराचा दंड वाचतो, व्याज थांबत नाही. मी पाहिलेली बहुतेक बुडालेली घरं याच ओळीपाशी अडकली होती. मोठ्या चैनीने बुडालेलं घर मला क्वचितच दिसलं. वीज, शाळा, किराणा, दवाखाना, एवढंच असायचं.

तेव्हा पाऊसवेडी, तुमच्या सासऱ्यांची भीती अनाठायी नाही. पैसे आपल्याकडे असताना कार्ड वापरणं आणि पैसे नाहीत म्हणून कार्ड वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जरूर करा.

सांगलीचे_आप्पा
खातेवही यांनी शेवटच्या परिच्छेदात लिहिलं तेच आम्ही जुनी माणसं सांगत असतो. फरक इतकाच की पहिल्या प्रकारातला माणूस दुसऱ्यात कधी जातो ते त्याचं त्यालाही कळत नाही. घरात एखादं आजारपण येतं आणि तो महिना अर्धाच भरला जातो.

मी वीज बिल केंद्रावर जाऊन भरतो. पावती फाइलला लावतो. पैसे हातातून जाताना दिसले की पुढच्या महिन्यात गीझर कमी चालतो. ऑटोपेने हे होत नाही.

निशिगंध
आप्पा, तुमचा मुद्दा मनापासून मान्य. पण प्रत्येकाला केंद्रावर जाता येत नाही हो. मी बंगळुरात, आईबाबा कोल्हापुरात. बाबांचा गुडघा, आईला रांगेत उभं राहवत नाही. त्यांची वीज, फोन, पालिकेचा कर, सगळं मी इथून भरते. वीज बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक एकदा नोंदवून ठेवला की बिल निघताच मला कळतं. बाबांना आधी वाटायचं की मुलगी पैसे भरते म्हणजे आपण परावलंबी झालो. आता मी बिल भरायच्या आधी त्यांना फोन करते, 'बाबा, या वेळी इतकं आलंय, बरोबर वाटतं का?' ते मीटरचं रीडिंग घेऊन मला सांगतात. एकदा त्यांनीच पकडलं की रीडिंग न घेता सरासरीने बिल लावलंय. तक्रार केली, पुढच्या बिलात दुरुस्त झालं.

म्हणजे आप्पांची बिल नीट बघायची सवय आणि कार्डाने भरणं या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

सांगलीचे_आप्पा
निशिगंध, बाबांना माझा नमस्कार सांगा. रीडिंग घेणारा माणूस हाडाचा हिशेबी असतो.

ताकभात
मला एक कळत नाही. बिनव्याजी पन्नास दिवस मिळतात म्हणून लोक एवढे खूश का होतात? हिशेब करा. महिन्याची ३०,००० ची बिलं, सरासरी ४५ दिवस पैसे बचत खात्यात जास्त राहिले आणि खात्यावर अडीच टक्के व्याज मिळालं तर महिन्याला नव्वद-ब्याण्णव रुपये होतात. त्यासाठी डोक्याला एवढा ताप?

डोंगरयात्री
नव्वद रुपयांसाठी कुणी करत नाही. एकाच कागदावर घरखर्च दिसतो त्यासाठी करतो. मागच्या उन्हाळ्याशी या उन्हाळ्याची तुलना दोन मिनिटांत होते.

ठाणेकर_खजिनदार
आमच्या सोसायटीचा खजिनदार म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. मेंटेनन्स कार्डाने भरणाऱ्यांना वाटतं की फुकटात काम झालं. पेमेंट गेटवेचं, म्हणजे कार्डाचे पैसे पोचवणाऱ्या कंपनीचं, शुल्क कुणीतरी देतंच. आमच्याकडे पहिली काही वर्षं ते सोसायटीच्या खात्यातून जात होतं. ताळेबंदात आकडा दिसल्यावर वार्षिक सर्वसाधारण सभेत गदारोळ झाला. जे सभासद थेट खात्यात पैसे पाठवतात त्यांनी कार्डवाल्यांच्या पॉइंटचा खर्च का सोसायचा? मुद्दा रास्त होता. ठराव झाला की कार्डाचं शुल्क भरणाऱ्याने द्यायचं. त्यानंतर कार्डाने भरणारे जवळपास दिसेनासेच झाले.

पाऊसवेडी, तुमचे ४,५०० यूपीआयने किंवा बँकेतून थेट पाठवा. शेऱ्यात फ्लॅट क्रमांक लिहा, ही सगळ्या खजिनदारांतर्फे हात जोडून विनंती. 'मेंटेनन्स' एवढंच लिहून आलेले पैसे कुणाचे हे शोधण्यात आमचे रविवार जातात. आणि थकवू नका. आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येतं.

बारातेपाच
आमच्या इमारतीत एकाने शेऱ्यात 'हॅपी बर्थडे' लिहून मेंटेनन्स पाठवला होता. खजिनदारकाकांनी केक आणला.

ठाणेकर_खजिनदार
@बारातेपाच, केक तरी मिळाला. आमच्या शेऱ्यांत नुसतं 'ओके' असतं.

खातेवही
शुल्काचा विषय निघालाच आहे तर प्रत्येक बिल वेगळं तपासा, हेच खरं उत्तर. सरसकट कार्ड किंवा सरसकट नाही असं ठरवू नका.

महावितरणचं बिल त्यांच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर क्रेडिट कार्ड सोडून इतर ऑनलाइन मार्गांनी भरलं तर जादा काही लागत नाही. क्रेडिट कार्डाला शुल्क लागतं. उलट डिजिटल भरण्यावर पाव टक्का सूट आहे. बिल निघाल्यापासून मुदतीच्या आत तत्पर भरणा केला तर कर आणि शुल्कं वगळून उरलेल्या रकमेवर एक टक्का सवलत आहे, ती तारीख बिलावर छापलेली असते. शेवटची तारीख चुकली तर सव्वा टक्का विलंब आकार. २,००० च्या बिलावर तत्पर भरण्याचे वीसेक रुपये म्हणजे एक टक्का देणाऱ्या कार्डाइतकेच झाले, आणि कुठलंही कार्ड न काढता. तेच बिल दुसऱ्या अ‍ॅपवरून कार्डाने भरताना ते अ‍ॅप काही लावतंय का, हे शेवटच्या पडद्यावर दिसतं. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरं म्हणजे तुमचं कार्ड या खर्चावर पॉइंट देतं का? हल्ली अनेक कार्डं वीज, पाणी, गॅस, भाडं, विमा यांवर पॉइंट देत नाहीत, किंवा महिन्याला मर्यादा घालतात. दुकान कोणत्या वर्गातलं आहे हे चार अंकी कोडवरून ठरतं. वीज-गॅससारख्या सेवांचा कोड ४९००. काही बँका तर महिन्यात अशा बिलांची रक्कम ठरावीक आकड्याच्या वर गेली की एक टक्का शुल्क लावतात. तुमच्या घरगुती बिलांना ती मर्यादा बहुधा लागणार नाही, पण शाळेची फी अ‍ॅपमधून भरली तर तिचा वेगळा नियम असू शकतो. कार्डाच्या अटींमध्ये 'वगळलेले व्यवहार' असा भाग असतो. तो वाचा, जाहिरात नको.

रंगपेटी
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. पगार असलेल्यांचं बोलणं चाललंय, माझी बाजू मांडते. मी चित्रकार आहे, प्रकाशकांसाठी आणि जाहिरात संस्थांसाठी काम करते. काम आज दिलं तर पैसे साठ दिवसांनी, कधी नव्वद दिवसांनी. वीज कंपनी माझ्यासाठी नव्वद दिवस थांबत नाही. कार्डामुळे मला ती मधली जागा मिळते. खातेवही म्हणतात पैसे नसताना वापरू नका, पण माझे पैसे आहेत, फक्त ते दुसऱ्याच्या खात्यात अडकलेत. स्वतंत्र काम करणाऱ्या प्रत्येकाची ही गत आहे.

खातेवही
रंगपेटी, तुमची अडचण खरी आहे आणि ती तुमच्या चुकीने आलेली नाही. तरीही मी सावधच करेन. कार्डाची मुदत जास्तीत जास्त पन्नास दिवस, तुमचे पैसे नव्वद दिवसांनी. मुदत चुकली की खर्चाच्या दिवसापासून लागणारं व्याज ४२ टक्क्यांनी कोण भरणार? तीन महिन्यांच्या बिलांएवढी रक्कम मुदत ठेवीत वेगळी ठेवा. ती एका वर्षात साठणार नाही, पण प्रत्येक मोठ्या कामाच्या पैशातून थोडी बाजूला काढली तर साठते. एकदा ती झाली की कार्ड तुमच्यासाठी फक्त सोय उरेल.

रंगपेटी
ठेव साठवायला सुरुवात केलीये. पण साठेपर्यंत काय, हा प्रश्न आहेच. मी नियम केलाय की हातात आलेल्या कामाच्या लेखी ऑर्डरपेक्षा जास्त कार्डावर टाकायचं नाही. एवढं बंधन पाळलं तर निभतं. याहून जास्त सहमत होता येत नाहीये मला.

खातेवही
लेखी ऑर्डरची अट चांगली आहे. तिथपर्यंत मीही तुमच्याबरोबर.

कार्तिकस्नान
स्टुटगार्टहून. इकडे जर्मनीत घरची बिलं क्रेडिट कार्डाने भरायचा विचारच कुणी करत नाही. वीज, इंटरनेट, घरभाडं, रेडिओचं शुल्क, सगळं बँक खात्यातून परस्पर वळतं होतं. आपण एकदा लेखी परवानगी द्यायची. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे खात्यातून चुकीची रक्कम गेली असं वाटलं तर आठ आठवड्यांच्या आत कारण न देता बँकेकडून परत मागवता येते. सुरुवातीला माझा विश्वास बसला नव्हता. बिल मात्र तरीही देणं लागतंच, त्यामुळे परत मागवण्याआधी कंपनीशी बोलावं.

भारतातही खात्यातून थेट वळती करायची सोय आहेच. क्रेडिट कार्डाशिवाय सगळं एका तारखेला लावता येणार नाही का?

डोंगरयात्री
येतं की. पण खात्यातून सात तारखांना सात रकमा जातात. शिल्लक कमी पडली तर परत गेलेल्या हप्त्याचा दंड बँकही लावते आणि समोरची कंपनीही. कार्डावर सात रकमा एका रकमेत गोळा होतात आणि ती एकदाच खात्यातून जाते. मला हा फरक मोठा वाटतो.

ताकभात
वेगळ्या खात्याचा एक उपाय. पगार झाल्या दिवशी बिलांपुरते पैसे दुसऱ्या बचत खात्यात टाका आणि सगळी बिलं त्या खात्यातून. एकच स्टेटमेंट मिळालं, उधारी नाही, व्याज नाही. पाऊसवेडींच्या सासऱ्यांनाही चालेल.

सांगलीचे_आप्पा
ताकभात यांना शंभर पैकी शंभर.

निशिगंध
थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. वीज बिलाच्या नावाने फसवणूक फार होते. 'मागचं बिल अपडेट झालं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा' असा मेसेज. आमच्या शेजारच्या काकांना आला. फोन केल्यावर समोरच्याने एक अ‍ॅप घ्यायला लावलं आणि दहा रुपये भरून खात्री करा म्हणाला. अ‍ॅपमधून त्याला काकांच्या फोनचा पडदा दिसत होता. महावितरण अशा खासगी मोबाइल नंबरवरून मेसेज पाठवत नाही. काकांच्या मुलीने ताबडतोब १९३० ला फोन केला, बँकेला कळवून कार्ड बंद केलं, म्हणून नुकसान थोडक्यात आटोपलं. आपल्या घरातल्या ज्येष्ठांना १९३० हा आकडा पाठ करून घ्या.

खातेवही
फार चांगलं केलं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कुणामुळे गैरव्यवहार झाला आणि बँकेने कळवल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकावर भार पडत नाही. आपणच ओटीपी सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. त्यामुळे आधी फोन, मग रडणं. बँकेने ३० दिवसांत तक्रारीचं निवारण केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही.

सातपुडा
किराण्याचं काय? मी आता रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलंय. २०२२ पासून ही सोय आहे. दुकानाचा क्यूआर स्कॅन केला की पैसे कार्डातून जातात. भाजीवाल्या मावशींचा क्यूआर त्यांच्या व्यक्तिगत खात्याचा असतो, तिथे चालत नाही. दुकानदारांच्या क्यूआरवर चालतं.

ताकभात
आमचा वाणी म्हणतो, 'दादा, क्रेडिटवालं नको.'

सातपुडा
छोट्या दुकानदाराला २,००० पर्यंतच्या व्यवहारावर शुल्क लागत नाही असं त्यांना समजावून सांगितलं की बहुतेक वेळा तयार होतात. मोठी रक्कम असेल तर मी स्वतःच खात्यातून देतो. त्यांच्या मार्जिनमधून माझे पॉइंट काढायला नको वाटतं. आमच्या गल्लीतल्या त्या दुकानाने कोविडच्या टाळेबंदीत अख्ख्या गल्लीला वहीवर माल दिला होता.

बारातेपाच
वहीवर! ती खरी बिनव्याजी मुदत. आणि पुडीबरोबर शेंगदाणे वरून.

धागेदोरे
ज्यांना भाडं कार्डाने भरायचं असेल त्यांच्यासाठी: आधी अ‍ॅपवरून घरभाडं कार्डाने भरता यायचं. २०२२ पासून बँका त्यावर एक टक्का लावू लागल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट अ‍ॅग्रिगेटरसाठी, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून विक्रेत्यांना पोचवणाऱ्या कंपन्यांसाठी, नवे नियम आणले, त्यानंतर बऱ्याच अ‍ॅपनी ही सोय बंदच केली. बायकोला, भावाला घरमालक दाखवून कार्डातून रोख काढणारे खूप झाले होते. प्रामाणिकपणे भाडं भरणाऱ्यांचीही सोय त्यात गेली.

डोंगरयात्री
ऑटोपेबद्दल एक तांत्रिक गोष्ट राहिली. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या आवर्ती, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या, व्यवहाराला नियम आहेत. पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला हवा आणि तो व्यवहार थांबवायची सोय हवी. १५,००० पर्यंत ओटीपी लागत नाही. विम्याच्या हप्त्याला ही मर्यादा एक लाख आहे. शाळेचे २२,००० ऑटोपेने आपोआप जाणार नाहीत, तिथे ओटीपी येईल, तेव्हा ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि नवं कार्ड आलं, म्हणजे जुनं संपलं किंवा हरवलं, की सगळे ऑटोपे एकदा तपासा. माझ्या मावसभावाच्या आरोग्य विम्याचा हप्ता असाच राहिला. हप्ता चुकल्यावर मिळणाऱ्या सवलतीच्या मुदतीत लक्षात आलं म्हणून पॉलिसी वाचली. वार्षिक हप्त्याला ३० दिवस मिळतात, मासिकला १५ च.

पाऊसवेडी
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! काल रात्री सासऱ्यांना पूर्ण धागा वाचून दाखवला. आप्पांच्या प्रत्येक प्रतिसादाला त्यांनी मान डोलावली. ठाणेकर खजिनदारांचा प्रतिसाद तर दोनदा वाचायला लावला, सासरे स्वतः आमच्या सोसायटीच्या कमिटीत होते.

आमचं ठरलं ते सांगते. वीज बिल सासरे बघणार, रीडिंग ताडून तत्पर भरण्याच्या तारखेआधी खात्यातून भरणार, कार्ड नाही. मेंटेनन्स थेट बँकेतून, फ्लॅट क्रमांकासह. मोबाइल, इंटरनेट आणि गॅस कार्डावर, कारण आमच्या कार्डावर या तिन्हींना पॉइंट आहेत आणि शुल्क लागत नाही, हे खातेवहींनी सांगितलं तसं शेवटच्या पडद्यापर्यंत जाऊन पाहिलं. शाळेची फी कार्डाने भरली तर जादा शुल्क दिसलं, तेव्हा ती खात्यातून. विमा कार्डावर, कारण त्याला शुल्क नाही. कार्डाचं पूर्ण बिल खात्यातून आपोआप जाईल असं लावलंय. सासऱ्यांनी एक अट घातली: कार्डावर टाकलेलं प्रत्येक बिल त्याच दिवशी ताकभात यांनी सांगितलेल्या वेगळ्या खात्यात बाजूला काढायचं. ती आम्ही मान्य केली. मलाही त्याने शांत झोप लागेल.

आता एकच अडलंय. आमच्या कार्डाचं स्टेटमेंट ५ तारखेला निघतं आणि पैसे भरायची तारीख २५ च्या आसपास येते. पगार ३० ला. महिनाअखेरीला खात्यात कमी असतात. काय करावं?

सांगलीचे_आप्पा
तुमच्या सासऱ्यांची अट सोन्यासारखी आहे. ती पाळलीत तर मी कार्डावरचा आक्षेप मागे घेतो.

रंगपेटी
पाऊसवेडी, ही वेगळ्या खात्याची पद्धत मी पण उचलते आहे. पैसे आले की आधी तिकडे.

खातेवही
@पाऊसवेडी, तारीख बदलून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांप्रमाणे ग्राहकाला बिलाचं चक्र निदान एकदा बदलून घेता येतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा ग्राहक सेवेला फोन करून सांगा, स्टेटमेंट १५ ते १८ च्या दरम्यान निघेल असं मागा. मग भरायची तारीख पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येईल, पगार खात्यात असताना. बदलाच्या महिन्यात एखादं स्टेटमेंट कमी किंवा जास्त दिवसांचं येतं, त्या वेळी भरायची तारीख नीट बघा. आणि ऑटोपे 'किमान देय' वर लागलेलं नाही ना, तेही एकदा उघडून बघा. अनेक बँकांच्या अर्जात तो पर्याय वरच असतो.

पाऊसवेडी
आत्ता उघडून पाहिलं. 'पूर्ण रक्कम' आहे. तारखेसाठी सोमवारी फोन करते.